सगळं यूटीसीत ठेवा म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. 'गुरुवार रात्री १२ ते शुक्रवार रात्री १२ पाणीपुरवठा बंद राहील.' डोंबिवलीत राहणाऱ्याला अशा नोटिशीचं काही अप्रूप नाही. पण तळमजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि सेक्रेटरींना हाक मारली. "अहो, गुरुवार रात्री बारा म्हणजे बुधवारची रात्र संपते तेव्हा, की गुरुवारची संपते तेव्हा? पिंप आज भरू की उद्या?" सेक्रेटरींनी कुठेतरी फोन लावून विचारलं आणि नोटिशीखाली पेनाने लिहिलं, 'गुरुवारी झोपायच्या आधी भरून ठेवा.'

मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गेली सहा वर्षं मी ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारी सॉफ्टवेअरं लिहून पोट भरतोय. या सहा वर्षांत एकाही सॉफ्टवेअरने मला काकूंसारखा उलट प्रश्न विचारलेला नाही. जे टाइप कराल ते गिळतं, हिरवी टिकली दाखवतं आणि मग भलत्याच दिवशी भलतंच काम करून बसतं.

आणि ही गडबड फक्त पाण्याच्या नोटिशीत नाही. मे २०२४ मध्ये ठाणे स्टेशनात फलाट क्रमांक ५ आणि ६ रुंद करायला मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, आठवतंय? तो सुरू झाला शुक्रवारी ३१ मे रोजी रात्री साडेबाराला आणि संपायचा होता रविवारी २ जूनला दुपारी साडेतीनला. पण गाडीत, पेपरात, हापिसच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते 'गुरुवार मध्यरात्रीपासून'. त्यात चूक कोणाचीच नव्हती. आपली रात्र झोपेपर्यंत आदल्या दिवसाचीच असते. रेल्वेलाही हे ठाऊक आहे, म्हणून तिच्या रात्रीच्या ब्लॉकच्या पत्रकात 'शनिवार/रविवार मध्यरात्री' असं मधे तिरपी रेघ मारून दोन्ही वार लिहिलेले असतात. कॉम्प्युटरला मात्र 'गुरुवार ००:३०' असं सांगून बघा. तो चोवीस तास आधीच ठाणे स्टेशन बंद करेल, आणि वर लॉगमध्ये लिहील, 'यशस्वी'.

ज्यांना या धंद्याशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'हे काम रोज रात्री दोनला कर', 'हे दर सोमवारी कर' असं मशीनला सांगायची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे क्रॉन. पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '३० २ * * *' म्हणजे रोज अडीच वाजता. चांदणी म्हणजे 'कुठलाही चालेल'. १९७९ च्या युनिक्समध्येही क्रॉन होता, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण या पाच रकान्यांत एक प्रश्न कुठेच नाही: अडीच वाजता, पण कुठल्या गावचे? तेव्हा मशीन आणि माणूस एकाच इमारतीत बसायचे, त्यामुळे विचारायची गरजही नव्हती. आता मशीन व्हर्जिनियात, ते चालवणारा ऐरोलीत आणि ज्याचे पैसे कापले जाणार तो तिसरीकडेच. रकाने मात्र अजून पाचच.

यावर आमच्या जमातीने शोधलेला रामबाण उपाय म्हणजे 'सगळं यूटीसीत ठेवा'. यूटीसी म्हणजे जगाचं एक सामाईक घड्याळ, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. इंटरव्ह्यूत विचारा, कोड रिव्ह्यूत विचारा, नव्या जॉइन झालेल्या पोराला विचारा, सगळे गायत्री मंत्रासारखं म्हणून दाखवतात. आमच्या कोडिंग गाइडलाइनमध्ये तर हे ठळक अक्षरांत आहे. मीही वर्षानुवर्षं दुसऱ्यांना हेच ऐकवलं. आता माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याने लोकांचे पैसे जातात.

खरा अर्धा कुठला? जे घडून गेलं ते. अमुक माणसाने अमुक क्षणी पैसे भरले, सर्व्हर अमुक क्षणी पडला. तो क्षण जगात एकदाच आला. तो खुशाल यूटीसीत ठेवा. पण जे घडायचं आहे, आणि पुन्हा पुन्हा घडायचं आहे, ते 'क्षण' नसतंच. 'दर महिन्याच्या १ तारखेला', 'दर रविवारी पहाटे' हे कोणीतरी आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि कॅलेंडरकडे बघून बोललेलं असतं. ते उचलून त्याच दिवशी यूटीसीत बदललंत की त्याचं म्हणणं तुम्ही फेकून दिलंत आणि त्या दिवशीचा हिशेब तेवढा ठेवलात.

साधं उदाहरण घ्या, यात अमेरिकाबिमेरिका काही नाही. माझ्या एका मित्राची टीम हाउसिंग सोसायट्यांसाठी अॅप बनवते. मेंटेनन्सचं बिल दर महिन्याच्या १ तारखेला रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी निघालं पाहिजे. सर्व्हर यूटीसीवर. आपले बारा-पाच म्हणजे तिथले आदल्या दिवशीचे १८:३५. आता हे क्रॉनमध्ये कसं लिहिणार?

पहिल्याने लिहिलं '३५ १८ १ * *'. झालं, बिलं २ तारखेला निघायला लागली. एक दिवस उशीर, कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. मग कोणीतरी हुशारी केली, आदला दिवस म्हणजे ३१ तारीख, म्हणून '३५ १८ ३१ * *'. ही दुरुस्ती डिसेंबरात केली होती. १ जानेवारीला बिल अगदी वेळेवर निघालं, १ फेब्रुवारीलाही निघालं, सगळे खूश. १ मार्चला मात्र एकाही सोसायटीला बिल गेलं नाही, कारण फेब्रुवारीला ३१ तारीख नसते. अशी वर्षात पाच महिने बोंब. तिसऱ्याने '२८-३१' टाकलं, तर ३१ दिवसांच्या महिन्यात बिलं चार-चारदा. शेवटी आत एक वेगळा कोड लिहून 'उद्या १ तारीख आहे का' असं तपासायला लागलं. 'महिन्याचा शेवटचा दिवस' असं साध्या पाच रकान्यांच्या क्रॉनमध्ये लिहिताच येत नाही. क्वार्ट्झसारख्या काही शेड्यूलरांत त्यासाठी वेगळं अक्षर आहे, पण ते सगळीकडे नाही.

म्हणजे बघा, 'महिन्याची पहिली तारीख' ही आपल्याकडे पोरालाही कळणारी गोष्ट. पगार, भाडं, हप्ता, दूधवाला, सगळं तिच्यावर. ती यूटीसीत नेली की लिहिताच येत नाही! आणि गंमत म्हणजे या तिन्ही चुकीच्या ओळींना व्हॅलिडेटरने हिरवी टिकली दिली होती. का नाही देणार? तो एवढंच बघतो की तारीख १ ते ३१ मध्ये आहे ना, तास ० ते २३ मध्ये आहे ना. '० ० ३० २ *' लिहून बघा, म्हणजे दर ३० फेब्रुवारीला मध्यरात्री. बऱ्याच व्हॅलिडेटरांना हेही मान्य आहे. आणि 'दर ४५ मिनिटांनी' म्हणून मिनिटाच्या रकान्यात '*/४५' लिहिलंत तर काम तासाच्या ठोक्याला आणि पाऊण वाजता होतं, म्हणजे एकदा ४५ मिनिटांनी आणि मग लगेच १५ मिनिटांनी. सगळ्यात कहर म्हणजे तारीख आणि वार दोन्ही दिले तर साधा क्रॉन 'दोन्ही जुळले तर' असं न मानता 'दोन्हीपैकी एक जुळलं तरी' असं मानतो. १३ तारखेच्या शुक्रवारी चालवायला म्हणून लिहिलेलं काम दर १३ तारखेला आणि शिवाय दर शुक्रवारी चालतं. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. मॅन्युअल वाचतो कोण हा भाग वेगळा. :-)

आता माझी स्वतःची गोष्ट. (नावं घेणार नाही, नोकरी प्यारी आहे.)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पाळणाघरं चालवणारा एक क्लायंट. पालकांच्या खात्यातून आठवड्याची फी दर रविवारी पहाटे दीड वाजता आपोआप कापायची, न्यूयॉर्कच्या वेळेप्रमाणे. २०२५ च्या मेमध्ये आम्ही लाइव्ह गेलो. शेड्यूलर आमचा घरचाच, त्यातला व्हॅलिडेटर अस्मादिकांनी लिहिलेला. टाइमझोन न्यूयॉर्कचा व्यवस्थित नावाने टाकला होता, तिथे आमचं चुकलं नव्हतं. एकाच आठवड्याची फी दोनदा कापली जाऊ नये म्हणून कुलूपही लावलं होतं: प्रत्येक वसुलीला एक किल्ली, तीच किल्ली पुन्हा आली तर पैसे कापायचे नाहीत. आणि ती किल्ली काय होती? गाइडलाइनप्रमाणे, काम ज्या वेळी सुरू झालं ती वेळ. यूटीसीत.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. अमेरिकेत त्या पहाटे दोन वाजता घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. आपल्याकडे सकाळचे अकरा. घरी पोहे चालले होते, ऑन-कॉल मीच होतो, फोन गप्प. न्यूयॉर्कमध्ये दीड वाजला, फी कापली गेली. एक तासाने, आपल्या दुपारी बाराला, न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दीड वाजला. शेड्यूलरने घड्याळ बघितलं, 'रविवार, दीड, बरोबर', आणि कामाला लागला. कुलपाने किल्ली बघितली. पहिली होती ५:३० यूटीसी, ही ६:३० यूटीसी. वेगळी आहे, जाऊ दे आत.

किल्ली 'रविवार, २ नोव्हेंबर' एवढी साधी असती तर काहीही झालं नसतं. पालकाच्या मनातही फी 'या रविवारची' असते, 'साडेपाच यूटीसीची' नसते.

दोनदा पैसे गेलेल्यांत बहुतेकांना परत मिळायला तीन-चार दिवस लागले. त्यातल्या एका आईचा मेल मला फॉरवर्ड होऊन आला. तिच्या खात्यात भाड्याच्या चेकपुरतेच पैसे होते, चेक परत गेला, बँकेने वर दंड लावला. मेलमध्ये शिवी नव्हती. तिने फक्त विचारलं होतं की हे पुढच्या रविवारी पुन्हा होणार आहे का, म्हणजे ती पैसे दुसऱ्या खात्यात हलवून ठेवेल. तो मेल मी ठाण्याहून डोंबिवलीला येताना दारात उभा राहून वाचला आणि मुंब्र्यापर्यंत मान वर केली नाही.

मग आला तो प्रसिद्ध रिपोर्ट, चुकीचं मूळ कारण काय वगैरे. त्यात लिहिलं गेलं: 'डेलाइट सेव्हिंगची एज केस'. एज केस! म्हणजे कड्यावरून घसरणारं एखादं दुर्मीळ प्रकरण. अहो, अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या तारखा २००५ च्या कायद्याने ठरल्या आणि २००७ पासून लागू आहेत. आपली अर्धी इंडस्ट्री त्या तारखांवर जेवते. संध्याकाळी साडेसातचा कॉल नोव्हेंबरात साडेआठला सरकतो, ऐरोलीहून निघायला उशीर होतो, घरी पोळ्या गार होतात. हे आम्हा प्रत्येकाला पाठ आहे. आणि तेच आम्ही कोड लिहायला बसलो की ती 'एज केस' होते?

याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे डेबियन लिनक्समधल्या जुन्यापुराण्या क्रॉनच्या मॅन्युअलमध्ये हे लिहून ठेवलेलं आहे. घड्याळ तीन तासांपेक्षा कमी पुढेमागे झालं तर ठरावीक वेळेची कामं गाळली जात नाहीत आणि दोनदाही होत नाहीत. हरवलेल्या तासातलं काम घड्याळ सरकल्यावर लगेच उरकतात. म्हणजे ज्याला आम्ही 'लेगसी' म्हणून नाक मुरडतो तो म्हातारा हे करतो, आणि आमचा चकचकीत शेड्यूलर नाही.

'लायब्ररी वापरायची ना मग' असं म्हणणारे असतातच. वापरली होती. पण लायब्ररी चूक सांगत नाही, गुपचूप निवड करते. जावाच्या तारखांच्या लायब्ररीला मार्चमधल्या त्या रविवारचे, अस्तित्वातच नसलेले, अडीच वाजले द्या. ती तक्रार न करता साडेतीन करते. नोव्हेंबरातला दीड द्या, ती दोनपैकी पहिला उचलते. एखाद्याला दुसरा हवा असेल तर? एखाद्याला 'त्या दिवशी करूच नका' हवं असेल तर? तो निर्णय धंद्याचा आहे, कॅलेंडर लिहिणाऱ्याचा नाही. आणि तो आमच्या स्क्रीनवर कुणी कधी विचारलाच नाही.

भारतात डेलाइट सेव्हिंग नाही, आपल्याला काय करायचंय, असंही ऐकवलं जातं. आज नाही हे खरं. पण कायमच नव्हतं असं नाही. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, युद्ध चालू असताना, आपली घड्याळं तासभर पुढे होती, यूटीसीच्या साडेसहा तास. हे आमच्या इंजिनिअरांना ठाऊक नसतं, पण जुन्या ज्योतिष्यांना चांगलं ठाऊक असतं. १९४४ ची जन्मवेळ सांगितलीत तर जाणता ज्योतिषी आधी विचारतो की ही घड्याळातली वेळ ना, मग तास वजा करतो, आणि मग विचारतो की जन्मगाव कुठलं. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही. पण इनपुट व्हॅलिडेशनच्या बाबतीत हा माणूस माझ्या रेजेक्सपेक्षा पुढे आहे हे मान्य करायला हवं.

मुंबईचं तर आणखी वेगळं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत पोचली. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायला लागली आणि मुंबई शहर मुंबईच्या वेळेवर, दोघांत अर्ध्या तासाचा फरक. गाडी पकडायची तर मनात तीस मिनिटं मिळवायची! १ जानेवारी १९०६ ला देशभरासाठी आजची भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. मुंबईकरांनी ती निमूट घेतली नाही. आमची वेळ आम्हाला न विचारता बदललीच कशी, असा वाद झाला आणि 'बॉम्बे टाइम' शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला. जगभरची सॉफ्टवेअरं ज्या टाइमझोन डेटाबेसवर चालतात त्यात आपण सगळे 'एशिया/कोलकाता' या एका नावाखाली येतो, आणि त्या नावात मुंबईच्या या पन्नास वर्षांचा पत्ताही नाही. वेळ ही सरकारं, नगरपालिका आणि लोक भांडून ठरवतात. ते गणित नव्हे, आणि ते भांडण संपलेलंही नाही. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक देशातून डेलाइट सेव्हिंग काढून टाकलं. लेबनॉन सरकारने मार्च २०२३ मध्ये घड्याळं बदलायची तारीख ऐन वेळी पुढे ढकलली, काहींनी ऐकलं, काहींनी नाही, एकाच देशात दोन वेळा चालल्या आणि थोड्याच दिवसांत निर्णय फिरवावा लागला. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून अख्ख्या देशाला एकच वेळ दिली. अल्माटीच्या कुणा दवाखान्याचं 'रोज सकाळी नऊ' तुम्ही आदल्या वर्षी यूटीसीत बदलून 'तीन' म्हणून ठेवलं असेल, तर १ मार्चपासून ते सकाळी आठलाच वाजायला लागलं. त्यांनी नऊच सांगितलं होतं हे शोधायला आता डेटाबेसात काही उरलेलंच नाही.

तीन अक्षरी नावांचा वेगळाच तमाशा. 'आय.एस.टी.' म्हणजे आपण भारत धरतो. इस्रायल इस्रायल धरतो, आयर्लंड आयर्लंड. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसच्या मूळ यादीत आय.एस.टी. म्हणजे इस्रायल, यूटीसीच्या दोन तास पुढे. भारत हवा असेल तर वेगळी यादी लावावी लागते. आणि 'ई.एस.टी.'? आमच्याकडे जुलैमधल्या मेलमध्येही बिनदिक्कत 'दहा ए.एम. ई.एस.टी.' लिहितात. २०२४ पासून वर सांगितलेल्या टाइमझोन डेटाबेसात हे नाव पनामाच्या वेळेचं टोपणनाव आहे, आणि पनामात घड्याळं कधी सरकत नाहीत. म्हणजे जुलैत तुम्ही ते नाव मशीनला दिलंत तर क्लायंट न्यूयॉर्कमध्ये दहाला येऊन बसतो आणि तुमचा मेल अकराला पोचतो. माझा व्हॅलिडेटर ही दोन्ही नावं आनंदाने घ्यायचा. आता तोंडावर फेकतो. त्यावरून दोन सीनियर माझ्यावर चिडलेले आहेत.

खरं तर आपल्या घरात या सगळ्याचं उत्तर खिळ्याला टांगलेलं असतं. कालनिर्णय. संकष्टी हे काय प्रकरण आहे बघा: दर महिन्याला येणारं काम, नियम चांगलाच किचकट, आणि उपास सोडायचा चंद्रोदयाला, जो मुंबईत वेगळ्या वेळी, नागपुरात वेगळ्या वेळी. कालनिर्णय तुम्हाला नियम देऊन 'काढा आता तुमचं तुम्ही' म्हणत नाही. सरळ तारखा छापतं आणि चंद्रोदयाच्या वेळा गावाच्या नावासकट देतं. वर्षाच्या बाराही, आधीच. चूक असेल तर जानेवारीतच कोणीतरी आजी पकडेल.

माझी मागणी एवढीच आहे. ज्याने शेड्यूल मागितलं त्याला हिरवी टिकली दाखवू नका, पुढच्या बारा-पंधरा तारखा दाखवा, त्याच्या गावच्या वेळेत, वारासकट. मित्राच्या टीमला '३५ १८ ३१' च्या पुढे जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल, जून अशी यादी दिसली असती तर मार्च कुठे गेला हे शिपायानेही विचारलं असतं. मला माझ्याच स्क्रीनवर '२ नोव्हेंबर, दीड' दोनदा दिसलं असतं तर मी पोहे बाजूला ठेवले असते. त्याने जे म्हटलं ते त्याच्या शब्दांत साठवा, 'रविवार, १:३०, न्यूयॉर्क', आणि यूटीसीचा हिशेब दर वेळी नव्याने करा. नाव गावाचं घ्या, तीन अक्षरं नको, 'अधिक साडेपाच' असा नुसता आकडाही नको. आणि तास हरवला किंवा दोनदा आला तर काय करायचं हे फॉर्मवर विचारा. सोसायटीच्या बोर्डावर विचारता येतं, तर फॉर्मवर का नाही?

यातलं काहीही अवघड नाही. पुढच्या पंधरा तारखा काढायचा कोड शेड्यूलरमध्ये असतोच, नाहीतर तो चालणार कसा? तो फक्त माणसाला दाखवायचा आहे. मी अंदाज दिला, दोन आठवडे, टेस्टिंगसकट. मॅनेजर म्हणाले, "कल्पना छान आहे रे, पण युजरला इतक्या तारखा दाखवल्या तर तो गोंधळेल." मी विचारलं, "आणि पैसे दोनदा गेले तर?" ते म्हणाले, "ते तर आपण फिक्स केलंय ना."

फिक्स केलंय ते असं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ऑन-कॉलवाल्याने सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ते काम हाताने बंद करायचं आणि दुपारी एकला पुन्हा चालू करायचं. कॅलेंडरवर तसा रिमाइंडर टाकलाय. तारखांच्या यादीचं तिकीट 'लो प्रायॉरिटी'त आहे, त्यावर माझ्याशिवाय कोणाचीही कमेंट नाही.

ता.क. रिमाइंडर ज्याने टाकला त्याने दरवर्षी '२ नोव्हेंबर' असा टाकला होता. २०२६ मध्ये पहिला रविवार १ तारखेला आहे. बदलून घेतला.